पुराचा विषय १५ ऑगस्टपर्यंत थांबणार नाही

प्रति,
आमच्या गावचे सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेब,
तालुक्यात आणि जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापनाचं काम बघणारे अधिकारी,
आणि कृष्णा-वारणाकाठच्या सगळ्या गावांचे कारभारी यांस,

सप्रेम नमस्कार.

१ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘पावसाळापूर्व पूरनियोजन’ हा विषय होता. शेवटून दुसरा. घरकुलाच्या यादीवरून चर्चा लांबली, ऊन चढलं, माणसं चपला घालायला लागली आणि ‘हा विषय पुढच्या सभेत घेऊ’ असं सांगून सभा संपवली. पुढची सभा कधी, असं मी उभी राहून विचारलं. उत्तर मिळालं, १५ ऑगस्टला.

२००५ चा महापूर जुलैअखेर सुरू झाला. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात आला. २०२१ चा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. सोळा वर्षांत तीन महापूर बघितलेल्या गावात पुराची चर्चा १५ ऑगस्टला ठेवणं म्हणजे ती न करणंच. सभेनंतर मी आणि आमच्या गटातल्या बायका पंचायतीत जाऊन बोललो. ‘वरून आदेश आला की काम सुरू होईल’ एवढंच सांगितलं गेलं. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहिते आहे. रोख कुणा एका माणसावर नाही. आमच्या गावासारखीच गत नदीकाठच्या पुष्कळ गावांची आहे, हे माहेरच्या आणि पाव्हण्यांच्या गावांवरून मला माहीत आहे.

मी या गावची सून. महिला बचत गटाचं कामकाज बघते. आमचं घर गावठाणात, नदीकडच्या बाजूला. २०१९ ला पाणी माळ्याला लागलं, २०२१ ला खिडकीच्या वरपर्यंत. घरात सासूबाई आहेत, त्यांना रोज इन्सुलिन लागतं. गोठ्यात म्हशी आहेत. २०१९ ला वीज गेली आणि फ्रीज बंद पडला तेव्हा शेजारच्या मावशींनी सांगितलं म्हणून इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माठात ठेवली. तिथून निघून निवाऱ्याला गेलो, तर डॉक्टरांनी विचारलं, कुठलं इन्सुलिन, किती युनिट? चिठ्ठी घरात, घर पाण्यात. सासूबाईंना आकडा आठवेना. शेवटी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लागेपर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी निवाऱ्यात त्यांच्यासारखी साखरेची, रक्तदाबाची, दम्याची किती माणसं गोळीविना बसली होती हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. एका कागदावर औषधाचं नाव लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, हे सांगायला पावसाआधी कुणी दारात आलं नव्हतं. अजूनही येत नाही.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. पूर येणार म्हटलं की आपल्याकडे तयारी म्हणजे बैठक, आराखडा, बोटींची संख्या, एनडीआरएफची तुकडी. हे सगळं लागतंच. पण पाणी चढायला लागल्यापासून बाहेरची मदत दारात येईपर्यंतचा जो वेळ असतो, तो घर स्वतःच्या हिमतीवर काढतं. त्या वेळेसाठी घराला कुणी तयार करत नाही. गल्लीला कुणी तयार करत नाही. आणि जीव जातात, जनावरं जातात, कागदपत्रं जातात ती नेमकी त्याच वेळात.

आपला पूर किल्लारीच्या भूकंपासारखा पहाटे झोपेत गाठत नाही. माळीणला डोंगर कोसळला तसा क्षणात येत नाही. कोयनेतून, वारणेतून किती क्यूसेक सोडलं हे आता पोरंसुद्धा मोबाईलवर बघतात. कऱ्हाडला पाणी वाढलं की सांगलीला कधी वाढणार याचा अंदाज काठावरच्या जुन्या माणसांना असतो. म्हणजे आपल्याला काही तास मिळतात, कधी एखादा दिवसही मिळतो. एवढी सवलत किती आपत्तींत मिळते? ते तास आपण वाया घालवतो, हे माझ्या मनाला लागून राहिलेलं आहे.

ते कसे वाया जातात ते सांगते.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. पाऊस लागला की दिवसभर हे आकडे फिरतात. माझा प्रश्न साधा आहे. आयर्विनला ४५ झालं की आमच्या गावात पाणी कुठं असतं? पाणंदीवर? मारुतीच्या देवळाच्या पायरीला? समाजमंदिराच्या ओट्याला? आणि ५० झालं की कुठल्या गल्लीचा रस्ता तुटतो? गावाबाहेर पडायचा शेवटचा रस्ता नेमका कधी बंद होतो? हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं गावात आहेत. नदीकाठचे कोळी बांधव आहेत, मळीत शेती करणारी म्हातारी माणसं आहेत, पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर राहणारा माणूस आहे. त्यांच्याकडून ऐकून एक तक्ता करायचा, तो चावडीवर, शाळेच्या भिंतीवर, डेअरीत लावायचा, आणि विजेच्या खांबांवर २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याच्या खुणा रंगवायच्या. खर्च रंगाच्या डब्याचा. तीन पूर झाले, आमच्या गावात एका खांबावर खूण नाही. माझ्या भिंतीवरची ओल तेवढी आहे, आणि तीही चुना मारला की दिसत नाही.

ही खूण नसल्यानं काय होतं ते २०१९ ला सगळ्या काठानं भोगलं. माणसं म्हणत होती, ‘२००५ ला आमच्या उंबऱ्याला पाणी टेकलं नव्हतं, आत्ता कशाला निघायचं?’ ती माणसं हट्टी नव्हती. त्यांच्याकडे तेवढंच मोजमाप होतं. पाणी २००५ च्या वर जाणार आहे हे त्यांच्या गल्लीच्या हिशेबात कुणी समजावून सांगितलं नाही. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं आणि तीच माणसं माळ्यावर, कौलांवर बसून बोटीची वाट बघत राहिली.

बोटीचा विषय निघाला म्हणून लिहिते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली आणि १७ जण बुडाले. त्यात बायका होत्या, लेकरं होती. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. ब्रह्मनाळ आपल्यापासून लांब नाही, त्या गावात आपल्या सोयरिकी आहेत. त्यानंतर प्रत्येक नदीकाठच्या गावानं बोटीचा विषय डोळ्यांत तेल घालून बघायला हवा होता. आमच्या गावची बोट या मे महिन्यात मी स्वतः जाऊन बघितली. ती पंचायतीच्या जुन्या खोलीत उलटी ठेवलेली आहे. इंजिनावर ताडपत्री, ताडपत्रीवर सिमेंटची रिकामी पोती. इंजिन शेवटचं कधी सुरू केलं होतं हे तिथं कुणाला सांगता आलं नाही. लाइफ जॅकेट एका पोत्यात भरून ठेवलेली, वरच्या दोन जॅकेटांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले. एकाची चाप लागतच नव्हती. खोलीची किल्ली एकाच माणसाकडे, आणि ते कामाला इस्लामपूरला जातात. बोटीवर किती माणसं बसवायची हे कुठंही लिहिलेलं नाही.

पाण्यात घाबरलेली माणसं नाव बघून धावतात, ते साहजिक आहे. म्हणूनच मर्यादेचा आकडा आधीच मोठ्या अक्षरांत नावेवर हवा, नावाड्याला ‘एवढीच’ म्हणायचा अधिकार गावानं आधीच दिलेला हवा, आणि पहिल्या फेरीत कोण जाणार हे आधीच ठरलेलं हवं. ऐन वेळी काठावर उभं राहून ते ठरत नाही. पुढारपण आडवं येतं, भाऊबंदकी आडवी येते, लेकरू आईला सोडत नाही.

आता ‘लोक ऐकत नाहीत, घर सोडत नाहीत’ या तक्रारीबद्दल. ही तक्रार मी प्रत्येक अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकली आहे. लोक का निघत नाहीत हे कुणी बसून विचारलं आहे का? आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं. सगळ्यात आधी आली ती जनावरं. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय सोडून बाई कुठं जाणार? तिचा महिन्याचा खर्च डेअरीच्या बिलावर चालतो. माणसांसाठी शाळा ठरलेली असते, जनावरं कुठं बांधायची हे कुणी सांगत नाही. उंचावरचं कुठलं रान, कुणाच्या मालकीचं, तिथं वैरण कोण आणणार, पाणी कुठलं, धारा कधी काढायच्या, दूध कुठं घालायचं, जनावरांचा डॉक्टर कधी येणार, हे जर जूनच्या आत ठरलेलं असेल तर अर्धं गाव पहिल्या हाकेला निघेल. हे मी खात्रीनं सांगते. २०१९ ला कितीतरी जनावरं दाव्यालाच बुडाली. निदान निघताना दावी सोडा, एवढं तरी दवंडीत सांगायला हवं होतं.

दुसरं कारण चोरीची भीती. घर उघडं टाकून आलो आणि पाण्यातून कुणी येऊन भांडी नेली तर? रिकाम्या गल्ल्यांवर बोटीतून गस्त राहील असं पोलिसांनी आधी सांगितलं तर ही भीती कमी होईल. तिसरं कारण बायका दबक्या आवाजात सांगतात. निवाऱ्याच्या शाळेत शेकडो माणसांना दोन-चार संडास, दाराला कडी नाही, दिवा नाही. वयात आलेल्या मुलीला घेऊन तिथं राहायचं या विचारानं आया माळ्यावर थांबतात. बाळंतीण तर निघतच नाही. पुरुष मंडळींनी बसवलेल्या आराखड्यात ही ओळ नसते, कारण आराखडा करताना आम्हाला बोलावलेलं नसतं. महिला ग्रामसभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. ती नुसत्या सह्यांपुरती उरली आहे, हे मी सह्या करणारीच सांगते आहे.

आणि ज्यांची हाक कुणापर्यंत पोचत नाही अशी माणसं? अंथरुणाला खिळलेले आजोबा, डायलिसिसला आठवड्याला शहरात जाणारा, दिवस भरत आलेली लेक, एकटी राहणारी म्हातारी, कानानं ऐकू न येणारा, वीटभट्टीवर नि कारखान्याच्या आवारात राहणारे परमुलखातले मजूर ज्यांना आपली मराठी दवंडी कळत नाही. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना यातली निम्मी नावं तोंडपाठ आहेत. त्या नावांची एक यादी, प्रत्येक नावापुढे त्याला उचलून आणणाऱ्या दोन तरुणांची नावं, आणि ती यादी पंचायतीत, दवाखान्यात आणि तरुण मंडळात, एवढंच काम आहे. आमच्या गावात अशी यादी नाही. मागितली तर मतदार यादी दाखवली गेली.

कायद्याचंही सांगते, कारण ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मला मिळालेलं आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच कायद्याचं कलम ४१ स्थानिक संस्थांबद्दल आहे आणि त्यात पंचायती येतात. आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालेलं असावं आणि आपत्तीची साधनं ऐन वेळी वापरता येतील अशी ठेवलेली असावीत, ही जबाबदारी ते कलम स्थानिक संस्थेवर टाकतं. कुरतडलेल्या पट्ट्यांची जॅकेटं त्यात बसत नाहीत.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी, नदीपात्रातली अतिक्रमणं, पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या नि लाल रेषा, पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल, पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवायची योजना, या सगळ्यावर बोलणारे जाणकार आहेत. ते बोलत राहोत, त्यातून मार्ग निघो. मला त्यात पडायचं नाही. त्या योजना पुऱ्या होईपर्यंत किती पावसाळे जातील कोण सांगणार? तोवर या जूनमध्ये माझ्या गल्लीनं काय करायचं, एवढ्यावर मी बोलते आहे.

करता येतं, हे ओडिशानं दाखवलं आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन वादळ आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मधल्या वर्षांत त्यांनी निवारे बांधले हे खरं, पण त्याबरोबर गावागावांत तालमी घेतल्या, गावच्याच पोरापोरींना शिकवलं, कुणी भोंगा वाजवायचा, कुणी म्हाताऱ्यांना आणायचं, हे वाटून दिलं. तिथल्या व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० ला युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगानं त्सुनामीसाठी सज्ज गावं म्हणून मान्यता दिली. कोळ्यांची, कष्टकऱ्यांची गावं आहेत ती. आपल्याकडे साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, पतसंस्था आहेत, गल्लीगल्लीत तरुण मंडळं आहेत. गणपतीच्या मिरवणुकीचं नियोजन महिनाभर आधी, माणूस न् माणूस वाटून करणारी ही पोरं पुराचं का करू शकणार नाहीत? त्यांना कुणी बोलवायला हवं.

आता दोन शब्द माझ्या शेजारणी-पाजारणींसाठी आणि घरच्या कर्त्यांसाठी. पंचायत जागी होईपर्यंत आपण बसून राहायचं असं मला म्हणायचं नाही.

धान्याला वापरतो ते घट्ट झाकणाचं निळं पिंप प्रत्येकाच्या घरात असतं. त्यातलं एक लहान पिंप मृगाआधी रिकामं करा. आधार, रेशन कार्ड, सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, जनावरांच्या विम्याचे कागद, पोरांचे दाखले प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून त्यात ठेवा. सगळ्या कागदांचे फोटो काढून शहरातल्या पाव्हण्याच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी कागद नसला की किती हेलपाटे घालावे लागतात ते वेगळं सांगायला नको. घराचे, गोठ्याचे, सामानाचे फोटोही आत्ताच काढा. औषधांची आठवड्याची जादा पुडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यातच. बॅटरी, काडेपेटी डबीत घालून, शिट्टी, दोर, सुरी, पॅड, लहानग्यांचे कपडे, म्हाताऱ्यांचा जादा चष्मा, चार्ज केलेली पॉवर बँक. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चुरमुरे, गूळ-शेंगदाणे. शिजवावं लागणार नाही असंच ठेवा. पाणी झाकणाच्या कॅनमध्ये. पुरात चहूकडे पाणी असतं आणि प्यायला थेंब मिळत नाही. २०१९ ला कोल्हापुरात पाणीपुरवठ्याची पंपिंग केंद्रं बुडाली आणि ज्यांच्या दारात पूर आला नाही त्यांनाही टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कितीतरी दिवस बंद होता. त्यामुळे उंचावर राहणाऱ्यांनीही हे पिंप भरावं.

शिट्टीला हसू नका. रात्री पाण्याच्या आवाजात ओरडून घसा बसतो, हाक पोचत नाही. शिट्टी पोचते.

निघताना मेन स्विच पाडा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, टाकी दोरानं बांधा, नाहीतर ती तरंगत जाते. तणनाशकाच्या बाटल्या आणि फवारणीची औषधं आधी माळ्यावर टाका, ती पाण्यात मिसळली तर विहिरी जातात. जनावरांची दावी सोडा. आणि पाणी उतरल्यावर घाई करू नका. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबू नका, कपाटामागे, गादीखाली साप असतात, गाळ उपसताना गमबूट घाला, हाताला चीर असली तर आधी झाका. लेप्टोच्या, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या. पाणी उकळून प्या, नाहीतर आशाताईंकडून पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर घ्या आणि किती थेंब ते नीट विचारा.

११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७. हे तीन आकडे मोबाईलमध्ये नकोत, भिंतीवर हवेत. मोबाईलची बॅटरी पहिल्याच दिवशी जाते.

एक गोष्ट जुन्या लोकांकडून उचलण्यासारखी आहे. आमच्या सासऱ्यांच्या पिढीत उन्हाळ्यात पोरांच्या पाठीला भोपळा बांधून नदीत पोहायला शिकवायचे. पुरात गूळ करायच्या काहिलीतून माणसं पार केल्याच्या गोष्टी अजून सांगतात. आता नदीकाठच्या घरातल्या पोरींनाच काय, पोरांनाही पोहता येत नाही. पोहता येतं म्हणून पुराच्या धारेत उतरणं हा वेडेपणाच आहे, पण पाण्यात पडल्यावर न घाबरता तरंगता येणं वेगळं. शाळेनं आणि मंडळांनी मनावर घेतलं तर मे महिन्यात पट्टीच्या पोहणाऱ्यांकडून मुलामुलींना शिकवता येईल. आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेली पोरं जिल्ह्यात आहेत, त्यांना गावात बोलवा, त्यांचं कौशल्य ओळखपत्रापुरतं राहू नये.

निधी नाही असं सांगितलं जाईल, म्हणून आधीच लिहिते. खुणांचा रंग, फळ्यावरचा तक्ता, यादी, बोटीची किल्ली दोन ठिकाणी ठेवणं, इंजिन दर पंधरा दिवसांनी सुरू करून बघणं, कुरतडलेली जॅकेटं बदलणं, निवाऱ्याच्या संडासाला कड्या आणि दिवा. यातल्या कशाला मंत्रालयातून मंजुरी लागत नाही. ग्रामनिधीतून होण्यासारखं आहे. जे होणार नाही त्यासाठी कारखान्याकडे, दूध संघाकडे आम्ही बायका स्वतः येऊन हात पसरू.

आमच्या मागण्या अशा. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, जादा ग्रामसभा बोलवा. सरपंचांना तो अधिकार आहे. त्या सभेत पूर हा एकच विषय असावा आणि त्याआधी महिला ग्रामसभा खरीखुरी भरावी. त्या सभेत तीन पुरांच्या खुणा आणि गल्लीवार पाण्याचा तक्ता मंजूर व्हावा. बोट पाण्यात घालून सगळ्यांसमोर चालवून दाखवावी, तिच्यावर माणसांची मर्यादा रंगवावी, आणि ती किती असावी हे जाणकारांकडून लिहून घ्यावं. जनावरांच्या तळाची जागा, वैरण आणि डॉक्टर ठरवून गोठेवाल्या प्रत्येक घराला कळवावं. उचलून आणायच्या माणसांची यादी करावी. जूनमध्ये एक रंगीत तालीम व्हावी, भोंग्यापासून निवाऱ्यापर्यंत, आणि त्या दिवशी तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी गावात हजर राहावं. अधिकाऱ्यांकडे आणखी एक मागणी, बैठकीचा अहवाल वर पाठवताना किती घरांत माहिती पोचली हा रकाना त्यात घाला. आज त्यात बोटी किती, दोर किती, टॉर्च किती एवढंच असतं.

ही यादी लांब वाटेल. पण यातलं घरोघर फिरायचं काम आम्ही अंगावर घेतो. आमच्या गटातल्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या आहेत. कुणाच्या घरात कोण आजारी, कोण गरोदर, जनावरं किती, माळा आहे का, पोहता कुणाला येतं, शहरात पाव्हणा कोण, हे विचारायचा एक पानी तक्ता शाळेतल्या मॅडमनी तयार करून दिला आहे आणि त्याच्या प्रती आम्ही स्वखर्चानं काढल्या आहेत. पंचायतीनं शिक्का मारून द्यावा, म्हणजे लोक माहिती द्यायला कचरणार नाहीत, आणि जमा झालेली यादी ठेवायला एक कपाट द्यावं, ते खालच्या खोलीत नको, वरच्या मजल्यावर.

सभेची तारीख लेखी कळवावी ही विनंती. उत्तर आलं तर तेही आम्ही या पत्राखाली जसंच्या तसं लावू. शनिवारपासून आम्ही नदीकडच्या गल्लीतून फिरायला सुरुवात करतो आहोत.

आपली,
कृष्णाकाठच्या एका गावातली पूरग्रस्त गृहिणी,
महिला बचत गटाची सचिव